ताईने मीठ पाहिलं

"टॉन्सिलचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मानेतली गाठ त्याचीच आहे. पण तुम्ही वेळेत आलात. हा बरा होऊ शकणारा आजार आहे."

नागपूरच्या त्या हॉस्पिटलात माझ्या एका बाजूला बायको मार्था बसली होती, दुसऱ्या बाजूला मोठी बहीण सुमनताई. मार्थाने माझा हात धरला. ताईने डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले, म्हणजे प्रार्थना सुरू झाली. मी समोरच्या कॅलेंडरवरच्या आंब्याच्या फोटोकडे बघत बसलो होतो.

डॉक्टरांनी पुढचं समजावून सांगितलं. रेडिएशन, म्हणजे यंत्रातून किरण सोडून गाठ जाळणं. सोबत केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून औषध. तोंड आतून सोलवटेल, लाळ आटेल, चव जाईल. मी तिथे थांबवलं.

"चव परत येईल ना?"

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांपैकी नव्हत्या. म्हणाल्या, "जीव वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू आणि मला आशा आहे. चवीचं वचन देत नाही. बहुतेकांची येते. कोणाची अर्धी येते, कोणाला वर्ष लागतं. काहींची नाही येत."

कॅन्सर म्हटल्यावर माणूस आधी चवीची काळजी करतो, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. पण मी कोण ते ऐका, म्हणजे समजेल.

आमचं गाव आमगाव आणि सालेकसा यांच्या मधलं. मी राईस मिलमध्ये सुपरवायझर. घरचे आम्ही ख्रिस्ती, गावात आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहानशी आहे. नोकरी पोटासाठी केली, पण जीव रमायचा चुलीपुढे. मंडळीत लग्न असो, बारसं असो की नाताळ, कढईपुढे प्रकाशभाऊ, म्हणजे मी. बायबलातली मार्था म्हणजे सदा स्वयंपाकात गुंतलेली बाई, पण माझ्या बायकोचं नाव मार्था असूनही घरातलं रांधणं माझ्याकडे, यावरून आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दर वर्षी एक विनोद करतात आणि दर वर्षी सगळे हसतात.

आमच्याकडे मुठीच्या तांदळाची रीत आहे. रोजचा भात टाकण्याआधी प्रत्येक घरची बाई एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळ्या डब्यात टाकते. एरवी ते गरजू घरांना जातात. कापणीच्या सणाआधीचे मात्र सगळे एकत्र करायचे आणि त्याच तांदळाचा भात सगळ्या मंडळीने मिळून खायचा, सोबत कोंबडीचा रस्सा. हा भात करणं सोपं नाही. कोणाच्या घरचा बारीक सुवासिक चिन्नोर, कोणाचा जाडा, कोणाचा रेशनचा, कोणाचा दोन वर्षं जुना. सगळे एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात. नवा तांदूळ गिचका होतो तोवर जुना दाताखाली टचटचतो. मी ते आधी भरपूर भिजत घालतो, मोठ्या पाण्यात उकळतो, मधूनमधून दाणा चाखतो, नेमक्या वेळी पेज गाळतो आणि मग वाफेवर ठेवतो. सगळा खेळ चाखण्यावर. म्हणून मी डॉक्टरांना चवीचं विचारलं.

आता मागे जातो, कारण सुरुवात कशी झाली ते तुमच्यापैकी कोणाच्या कामाचं असेल.

गोंदियाला स्टेशनजवळ एका न्हाव्याकडे मी नेहमी दाढी करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने वस्तरा थांबवला आणि विचारलं, "भैया, ये गाँठ कब से है?" मी म्हटलं, कोणती गाठ? त्याने माझंच बोट धरून जबड्याखाली टेकवलं. बोरापेक्षा मोठी होती आणि अजिबात दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी ती विसरलो. दुखली असती तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पळालो असतो, कारण मी शूर नाही. दुखत नसलेली गाठ राहून राहिली तर दाखवा, एवढंच सांगतो.

मग गिळताना एका बाजूचा कान ठणकायला लागला. मी कानात लसणाचं कोमट तेल टाकत बसलो. शेवटी मार्था चिडली आणि तिने मला गोंदियाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि एफएनएसी केली, म्हणजे गाठीत सुई घालून पेशी काढल्या. तिथून नागपूर. नागपूरला बायोप्सी, म्हणजे टॉन्सिलचा तुकडा काढून तपासणं. आणि मग तो आंब्याचा फोटो.

प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच. "खर्रा किती खाता?" सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा आमच्या भागात पानपट्टीपासून पंगतीपर्यंत चालतो, त्यामुळे त्यांचंही चूक नाही. मी जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही. तोंडाची चव बिघडते म्हणून. एका नर्सबाईने तर मला विश्वासात घेऊन सांगितलं, "बायकोसमोर नको, पण मला खरं सांगा." मी खरंच सांगत होतो.

मग मलाच का, हा प्रश्न आला. ख्रिस्ती माणसाला तो जरा जास्तच छळतो, कारण आपला देव प्रेम करणारा असं आपण लहानपणापासून म्हणत आलेलो असतो. भेटायला येणारे उत्तरं घेऊनच येतात. एक दूरचे नातेवाईक म्हणाले, विश्वास कमी पडला. ते केळी घेऊन आले होते, म्हणून मी वाद घातला नाही.

पण ताईचं बोलणं लागलं. हॉस्पिटलच्या जिन्यात ती म्हणाली, "जलमभर खाणं-खाणं करून रायला होता. आता देवानं जीभच धरली तुझी."

ताईविषयी सांगायला हवं. ती मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि तिने सगळं आयुष्य त्या मुलींना दिलं. पांढरी साडी, उकडलेली भाजी, बिनसाखरेचा चहा. आभाराची प्रार्थना झाल्याशिवाय तिच्या तोंडात दाणा जात नाही. इतकं की स्वयंपाक करताना ती मीठसुद्धा चाखून पाहत नाही, कारण तेव्हा प्रार्थना झालेली नसते. वसतिगृहातल्या मुली मिठाची पुडी दप्तरात ठेवायच्या. तिला आम्ही कधी कशाला "छान झालंय" म्हणताना ऐकलं नव्हतं. तिच्या मते सुख ही देवापासून नजर हटवणारी गोष्ट, आणि माणसाने तिच्यापासून चार हात लांब राहावं.

ती दुष्ट नाही. माझ्यासाठी रडून रडून डोळे सुजवून घेतलेले होते तिने. तरी ते वाक्य मी बरोबर घेऊनच यंत्राखाली गेलो.

रेडिएशनच्या आधी दात तपासतात आणि किडलेले काढून टाकतात, कारण नंतर जबड्याची जखम भरत नाही. माझ्या मागच्या दाढा गेल्या. मग चेहऱ्याचा मास्क बनवला. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात आणि ती तशीच घट्ट होते. रोज तो मास्क चढवून तुम्हाला टेबलाला जखडतात. दुखत नाही. घाबरायला होतं. मी आत मनातल्या मनात गीत म्हणायचो. तुम्हीही काही म्हणा. पाढे म्हटले तरी चालतील.

दुसऱ्या आठवड्यात मार्थाने वरणभात भरवला आणि मला वाटलं ती मीठ विसरली. मग वाटलं वरणच विसरली. दोन दिवसांत पाणीही लोखंडासारखं लागायला लागलं, आणि मग काहीच नाही. तोंडात घास आहे की कापूस, ते जिभेला कळेना. पुढे म्युकोसायटिस झाला, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर सोलून निघालं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा नाकातून पोटात नळी घातली, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. नळीला घाबरू नका. ती हार नाही. ती घातली त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर झोपलो.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं गाळून नळीतून जायचं: दूध, डाळीचं पाणी, अंडं. आणि पेज. ती ताई करायची. हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत छोट्या शेगडीवर ती तांदूळ शिजवायची, पेज फडक्यातून दोनदा गाळायची आणि तांब्याला टॉवेल गुंडाळून घेऊन यायची. जीभ देवाने धरली म्हणणारी बाई आणि नळीत गुठळी अडकू नये म्हणून पेज दोनदा गाळणारी बाई, दोन्ही एकच. मला तेव्हा ते जमवता येत नव्हतं.

वेटिंग रूमबद्दल मात्र मला वेगळं सांगायचं आहे. तिथे आम्ही सगळे घशाचे, जिभेचे, गालाचे पेशंट नंबराची वाट बघत बसायचो. कोणालाही धड गिळता येत नव्हतं. आणि आम्ही बोलायचो कशाबद्दल? खाण्याबद्दल! एक गृहस्थ अर्जुनीकडचे होते, बौद्ध, शेती करणारे. गळ्यावर पट्टी, आवाज घोगरा. ते इटियाडोह धरणातल्या मासोळीचं कालवण असं सांगायचे की सगळी रांग पुढे झुकायची. "पह्यले तेल तापू द्याचं, भाऊ. घाई नाही कराची." एक बालाघाटकडची आजी चारोळीच्या खिरीवर यायची. कोणी घर सांगितलं नाही, कोणी नोकरी, मान, पुढारीपण सांगितलं नाही. सगळं नेलं जात असताना माणसांना आठवत होती ती कोणाच्या तरी हातची कढी आणि ती वाढणारी बाई.

मी तिथे बसून विचार केला. हे देवापासून दूर नेणारं असतं, तर या खोलीत सगळ्यांचे चेहरे असे उजळले नसते. ताईच्या वाक्याचा काटा त्या बाकावर थोडा सैल झाला.

दुसरी गोष्ट तहानेची. लाळ आटते त्याला झेरोस्टोमिया म्हणतात. जीभ टाळूला चिकटते, बाटली जवळ नसेल तर शब्द निघत नाही. प्रभू वधस्तंभावर तहान लागल्याचं बोलला. त्या एका बोलावर मी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मंडळीत भाषण केलेलं आहे, चांगलं लांबलचक. त्या भाषणात मी आत्म्याची तहान वगैरे बरंच काही काढलं होतं. आता कोरड्या तोंडाने पडलेलो असताना कळलं, की त्याला तहान लागली होती. एवढंच. घसा सुकला होता, पाणी हवं होतं, आणि त्याने ते लपवलं नाही. देवाचा पुत्र पाणी मागतो, मग मी वरणाची आठवण काढली तर काय बिघडलं? त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणी रडलो, आणि बरं वाटलं.

पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा मी त्यांना "काऊन?", म्हणजे का, एवढंच विचारलं. बोलवत नव्हतं. ते म्हणाले, "प्रकाशभाऊ, मले नाही मालूम. उगाच कायले सांगू?" मग ते खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिले. माझ्या आजारपणातलं सर्वांत चांगलं प्रवचन तेच.

पावसाळ्यात घरी आलो. गिळण्याचे व्यायाम करून करून नळी निघाली. पातळ, मऊ असं तोंडाने घ्यायला लागलो. चव नव्हतीच. पुढे पेट स्कॅन झाला. पेट स्कॅन म्हणजे शरीरात कुठे आजार उरलाय का, ते दाखवणारी तपासणी. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आजार दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मार्थाने तिथेच त्यांचे हात धरले. ज्यांनी माझा जीव राखला त्यांची नावं इथे लिहीत नाही, पण रोज रात्री घेतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या मंडळीने एक घोळ घालून ठेवला होता, आणि तो फक्त आमचीच मंडळी घालू शकते.

वसंतभाऊ आमच्या मंडळीतले वडीलधारे. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो. पंगत बसली आणि पानात आलं काय, तर बटाट्याची भाजी, वरण आणि भात. आमच्याकडे साखरपुड्याला कोंबडी नाही म्हणजे नवरदेवाचा अपमान. पाहुण्यांचे चेहरे पडलेले. मी वसंतभाऊंना बाजूला घेतलं. आधी ते टाळत होते. मग म्हणाले, "तू नागपूरले होता ना, तवा ताईनं एका रविवारी गावी येऊन मंडळीत उभं राहून सांगतलं. भाऊची चव वापस येत नाही तवरीक कोणाच्याच घरी कोंबडी-मटण शिजणार नाही. सगळ्यायनं हात वर केले."

"आणि कापणीचा सण?"

"त्याचं जेवणही नाही. फक्त प्रार्थना."

हिशेब करा. डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल, कदाचित कधीच नाही. इकडे अख्खी मंडळी माझ्या जिभेच्या भरवशावर वरणभात खाऊन राहिली होती. बाळंतिणींना सूप नाही, मुलांना वाढदिवसाची कोंबडी नाही. आणि सगळे माझ्याकडे प्रेमाने बघत विचारायचे, "भाऊ, काही लागते का?" मला वाटायचं तब्येतीची चौकशी आहे!

मी तडक ताईकडे गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"ताई, काऊन केलंस हे?"

"तू उपाशी आन आमी रस्सा खाचा? गळ्याखाली उतरते का?"

"डॉक्टर म्हणतात, कदाचित कधीच नाही येणार."

तिने मान वर केली नाही. "मंग कदीच नाही खाऊ."

मला तिचा रागही आला आणि तिच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. आयुष्यात तिने देवाला देण्यासाठी एकच गोष्ट साठवली होती, स्वतःचं मन मारणं. माझ्यासाठी तिने तीच काढून दिली, आणि गावभरची गोळा करून दिली.

घरी मार्था म्हणाली, "येत्या रविवारी सांगून टाका ना, चव आली म्हणून. कोण तुमची जीभ तपासायला येणार आहे?" ती थट्टेत बोलली, पण माझ्या डोक्यात ते बसलं. एका खोट्याने पन्नास घरांची चूल सुटणार होती. मी दोन रात्री वाक्य जुळवत होतो.

मध्ये तपासणीला नागपूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. आधी त्या पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "तुम्ही घरी जेवता कुठे?" मी म्हटलं, आतल्या खोलीत एकटा, म्हणजे इतरांना अवघडायला नको. "ते बंद करा. एकटे जेवणारे माझे पेशंट कमी खातात. सगळ्यांबरोबर बसा. त्यांना जे खायचं ते खाऊ द्या, आणि तुम्ही वास घ्या. वास तर येतो ना?"

वास येत होता. तो कधीच गेला नव्हता. फक्त घेण्यासारखं गावात काही शिजतच नव्हतं.

रविवारी साक्षीच्या, म्हणजे आपापला अनुभव सांगण्याच्या, वेळी मी उभा राहिलो. सगळ्या माना वळल्या. खोटं वाक्य तोंडात तयार होतं. समोर ताई बसलेली, पदर डोक्यावर, डोळ्यांत अशी आशा की मला ते वाक्य गिळावं लागलं. गिळण्याची सवय नुकतीच लागलेली होती, तरी गिळलं.

मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "चव आलेली नाही. येईल की नाही ते मला माहीत नाही. तुमच्या प्रेमाने मी जगलो, पण एक सांगतो. माझ्या दुःखात तुमचं दुःख घातलं, तर माझं कमी होत नाही, दोन होतात. प्रभू लग्नघरी गेला आणि द्राक्षारस संपला, तेव्हा त्याने पाण्याचा द्राक्षारस केला, लोकांना पाण्यावर भागवायला सांगितलं नाही. आणि उद्या मरण आहे हे माहीत असताना आदल्या रात्री तो काय करत होता? आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला होता. सुखाच्या मागे धावू नये हे ताईने मला शिकवलं, आणि ते खरं आहे. मी पुष्कळ धावलोय. पण ते दारात येऊन उभं राहिलं, तर त्याला हाकलायचंही नसतं. आत घेऊन देणाऱ्याचे आभार मानायचे. मला कापणीच्या सणाचा भात करू द्या."

मग ताई म्हणाली, "देवाले शब्द देल्ला हाये."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ताई, उपास देवासाठीच ठेवला ना? मंग सोडतानाही त्याचेच आभार मानून सोडू." ताई उठून बाहेर गेली. तिने हो म्हटलं नाही, पण बाकीच्यांनी हात वर केले आणि जेवण ठरलं.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून पुढचं आधीच सांगून टाकतो. आज हे लिहिताना मला खारट कळतं, आंबट थोडं कळतं. गोड अजून कागदासारखं लागतं. पाण्याची बाटली आयुष्यभर सोबत राहणार असं दिसतं. पण कापणीच्या सणाला यातलं काहीच नव्हतं. जीभ म्हणजे तोंडात ठेवलेली चामड्याची पट्टी होती.

धान कापून झालं होतं. चर्चच्या आवारात मोहाच्या झाडाखाली चूल मांडली. घरोघरचे मुठीचे तांदूळ आले. मी बोटांनी चाळवले. या वर्षी जाडा जास्त होता. भिजत घातले, पाणी उकळलं, तांदूळ टाकले. दुसऱ्या चुलीवर वसंतभाऊंनी कोंबडीचा रस्सा लावला होता, त्याचा वास सगळ्या आवारात फिरत होता आणि माणसं उगाचच हसत होती. मी दाणा बोटात दाबून पाहिला. पण दाबून अर्धंच कळतं. जाडा शिजला का, चिन्नोर मोडला का, आणि मीठ? मला काही सांगता येईना. मार्था पुढे आली. मी तिला थांबवलं.

"ताई," मी हाक मारली. ती लांब बाकावर बसली होती. "इकडे ये. मीठ पाहा."

"मी?"

"माझी जीभ चालत नाही. तू माझ्यासाठी पाहा."

"प्रार्थना नाही झाली अजून."

"मग कर ना. पळीपुरती कर."

सगळे बघायला लागले. ताई आली. मी पळीत चार दाणे आणि थोडी पेज घेऊन फुंकर मारली आणि तिच्या हातात दिली. तिने दुसऱ्या हाताने पदर सावरला, डोळे मिटले, आणि गंजाच्या वाफेत उभी राहून मोठ्याने म्हणाली, "हे प्रभू, या पळीभर भातासाठी तुझे आभार. माझ्या भावासाठी तुझे आभार." "आमेन," पाळकसाहेब म्हणाले. ताईने पळी तोंडाला लावली.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

मी मीठ टाकलं. तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा आभार मानले, पुन्हा चाखलं. "जाडा कच्चा हाये अजून." थोड्या वेळाने पुन्हा पळी, पुन्हा प्रार्थना. पोरं खुदखुदायला लागली, तरी तिने एकदाही प्रार्थना चुकवली नाही, आणि दर वेळी चाखायचा घोट मात्र जरा मोठा होत गेला. शेवटी ती म्हणाली, "झाला. गाळ आता."

पेज गाळली. या वर्षी सगळ्यांनी आधी पेज प्यायची असं ठरलं, कारण मला तीच सर्वांबरोबर घेता येत होती. मी पंगतीत बसलो, मधोमध, आतल्या खोलीत नाही. पेल्यात गरम पेज, बाजूच्या पानांतून रस्सा-भाताचा वास. जिभेला काही कळलं नाही. पण आजूबाजूला भुरके चालले होते, कोणी हाड चोखत होतं, कोणी रस्सा मागत होतं, आणि माझ्या पोटात ऊब उतरत होती. मी आनंदात होतो. असा की चव असतानाही कधी नव्हतो.

शेजारी ताई होती. तिने पानातला भात रश्श्यात कालवला, पहिला घास खाल्ला, मग दुसरा. पान साफ झालं. वाढणारा पुढे निघून गेला होता. तिने हात वर करून त्याला बोलावलं.

"अजून जराक वाढ," ताई म्हणाली. "बेस झाला हाये."